वाचन-अध्यापनाची मराठी परिभाषा : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील वाचन-अध्यापन हा विषय वरिष्ठ महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेत चर्चेस घेणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणाही प्राध्यापकाने एखाद्या विद्यार्थ्याला नेमलेल्या पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचावयास सांगून पाहावे. शब्द बहुतेक बरोबर उच्चारले जातात, परिच्छेद संपतो, आणि 'लेखकाचे म्हणणे काय आहे?' असे विचारताच वर्गात शांतता पसरते. ही शांतता आळसातून येते असे आपण सहज गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तिचे एक मूळ पहिली-दुसरीच्या वर्गात आहे. आणि त्या वर्गात 'वाचन', 'अक्षर', 'चूक', 'आकलन' या शब्दांनी जे काही समजले गेले त्यात आहे.

परिभाषा ही केवळ नावे ठेवण्याची सोय नसते. शिक्षक ज्या शब्दात विचार करतो, त्या शब्दाच्या मापाने तो मुलाकडे पाहतो. राज्यात २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि 'प्रगत', 'अप्रगत' ही विशेषणे शिक्षकांच्या बैठकांत रुळली. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'अप्रगत' म्हणताना नेमके काय मोजले गेले, हा प्रश्न त्या बैठकांत जितका विचारला जावयास हवा होता तितका विचारला गेला असे वाटत नाही. म्हणून येथे वाचन-अध्यापनातील काही प्रमुख संज्ञांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. सर्व संज्ञांचा सारखाच विस्तार केलेला नाही. जेथे मराठीचे स्वतःचे काही म्हणणे आहे तेथे अधिक थांबलो आहे.

परिसराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग कुकडी व घोड नद्यांवरील धरणांच्या पाण्यामुळे बागायती झाला. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे त्या भागात आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती आहे. तेथे जिल्हा परिषदेच्या लहान शाळा आणि घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळा चालतात. भात, नाचणी आणि हिरडा यांवर जगणारी अनेक कुटुंबे हंगामी मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात, आणि मुलांची शाळा त्यांच्याबरोबर हलते किंवा खंडते. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने गावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, ही गोष्टही या भागातील स्थलांतराचे स्वरूप लक्षात आणून देते.

'वाचणे' आणि 'पाठ'

संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे. त्याच्या प्रयोजक रूपावरून 'वाचन' हा शब्द आला. वाचणे म्हणजे लिहिलेल्याला बोलते करणे. 'पठण' आणि 'पाठ' यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. पुस्तकातील धडा तो 'पाठ', आणि तोंडी म्हणता येणे म्हणजेही 'पाठ असणे'. पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही आपली जुनी वाचनरीती या शब्दांच्या मागे उभी आहे. त्या रीतीत अर्थ सांगणारा पुराणिक निराळा असे. वाचणाऱ्याने अर्थ लावलाच पाहिजे अशी अपेक्षा नव्हती.

पंतोजीच्या शाळेतील परिभाषाही याच अंगाची होती. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे म्हणजे 'धुळाक्षरे', अध्ययनाचा आरंभ म्हणजे 'ओनामा', आणि सर्व विद्येचे साधन म्हणजे घोकणे. व्यवहारातील लेखन मोडीत होई, आणि पोथीच्या लिपीला 'बाळबोध' असे नाव होते. लिपीच्याच नावात बालकाचा बोध आला आहे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. मोडीच्या तुलनेत सुटी, स्वच्छ, मुलालाही कळेल अशी ही लिपी, असा त्याचा आशय. पुढे छापखाना आला, मोडी मागे पडली, आणि बाळबोध लिपी 'सोपी' आहे ही समजूत मात्र शिल्लक राहिली. ती किती खरी आहे हे पुढे पाहू.

आजच्या वर्गात शिक्षकाच्या तोंडी दिवसातून अनेकदा येणारे वाक्य आहे : 'वाचून दाखव.' मूल वाचून दाखवते. म्हणजे आवाज दाखवते. 'वाचून सांग' असे म्हटले असते तर मुलाला काही निराळे करावे लागले असते. 'दाखव' आणि 'सांग' यांतील अंतर लहान वाटले, तरी वाचन-अध्यापनाच्या अर्ध्या अडचणी त्या अंतरात सामावल्या आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

अक्षर, वर्ण आणि ध्वनी

इंग्रजी वाचनशास्त्रातील संज्ञा मराठीत आणताना सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो. मराठीत 'अक्षर' हा शब्द किमान तीन कामे करतो. हस्ताक्षर या अर्थाने 'तिचे अक्षर सुंदर आहे' असे आपण म्हणतो. लिपीतील एक आकृती या अर्थाने 'क हे अक्षर' म्हणतो. आणि छंदःशास्त्रात उच्चाराचा एक अवयव या अर्थाने अक्षरे मोजतो. 'वर्ण' ही व्याकरणातील संज्ञा ध्वनीची आहे, मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून वर्णविचार हा व्याकरणाचा पाया राहिला आहे. पण शाळेत 'वर्णमाला' म्हणजे भिंतीवरील तक्ता. ध्वनी आणि त्याचे चिन्ह यांना एकच नाव असल्यामुळे मुलाची अडचण कानाची आहे की डोळ्याची, हे शिक्षकाला नावानिशी सांगता येत नाही.

उदाहरण आपल्याच तालुक्याच्या नावाचे घेऊ. 'जुन्नर' हा शब्द मुलाला टाळ्या वाजवत तोडावयास सांगितला तर ते 'जुन्‌-नर' असे दोन तुकडे करील. कानाला हेच योग्य आहे. लिहिताना मात्र तीन अक्षरे होतात : जु, न्न, र. म्हणजे बोलण्यात पहिल्या तुकड्याच्या शेवटी असलेला न् लिहिताना पुढच्या अक्षराला जाऊन चिकटतो. 'मुलगा' बोलताना 'मुल्‌-गा', लिहिताना मु-ल-गा. 'कमळ' बोलताना दोन अवयव, लिहिताना तीन अक्षरे. लेखनात असलेला पण उच्चारात लोपणारा 'अ' कोठे लोपतो हे मराठी बोलणाऱ्याला उपजत कळते, परंतु लिपी ते दाखवत नाही. सुटी अक्षरे 'मु… ल… गा' अशी पूर्ण 'अ' लावून उच्चारणाऱ्या मुलाला ऐकू येते ते 'मुल्‌गा' नव्हे; त्या आवाजांतून आपल्या ओळखीचा शब्द काढण्यासाठी त्याला आणखी एक उडी मारावी लागते. ती उडी घेण्यास त्याला कोणी शिकवत नाही, कारण त्या कृतीला आपल्या परिभाषेत नावच नाही.

अनुस्वाराचेही तसेच. 'आंबेगाव' या शब्दात टिंबाचा उच्चार म् आहे, 'मंचर' मध्ये तो दातांमागे सरकतो, 'भीमाशंकर' मध्ये घशाकडे जातो. टिंब एक, उच्चार तीन. 'र' हा एक ध्वनी 'घर', 'वर्ग', 'प्रत', 'ट्रक' आणि 'खोऱ्या' या पाच शब्दांत पाच रूपे घेतो. 'चहा' आणि 'चाक' यांतील च निराळे, पण अक्षर एकच. 'जग' हा शब्द विश्व या अर्थाने एका प्रकारे आणि 'जगणे'चे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो, आणि कोणता उच्चार करावयाचा हे अर्थ कळल्यावाचून ठरवता येत नाही. 'हिरडा' लिहिताना वेलांटी ह च्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते. इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घत्व तर मराठी माणसाच्या कानाला बहुधा भेदच वाटत नाही. ते १९६२ पासूनच्या शुद्धलेखन नियमांनी सांभाळायचे असते.

तेव्हा 'मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते' हे विधान इंग्रजीच्या तुलनेत खरे असले, तरी मुलाच्या दृष्टीने अपुरे आहे. शिवाय संख्येचा प्रश्न आहेच. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे एवढाच गुणाकार केला तरी चारशेहून अधिक आकृत्या होतात, जोडाक्षरे निराळी. कन्नड शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या २००७ मधील अभ्यासातून असे दिसले की, अक्षरज्ञानाची वाटचाल पहिलीत संपत नाही. ती चौथीपर्यंत चालू राहते, आणि अक्षराच्या आतील सुटा ध्वनी ओळखण्याची जाणीवही सावकाश येते. इंग्रजी मुळाक्षरे सव्वीस आहेत, म्हणून ती एका वर्षात आटोपण्याची अपेक्षा समजू शकते. बाराखडीला तोच कालावधी लावणे हे मापच चुकीचे.

या लिपीची रचना किती जुनी आहे याची साक्ष जुन्नर तालुक्यातच आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात व्यंजनातच 'अ' धरणे आणि इतर स्वर चिन्हाने जोडणे, हेच तत्त्व आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या चर्चेत या लेखाचा उल्लेख अभिमानाने होत असे. अभिमान योग्यच आहे. पण दोन हजार वर्षे जिचा सांगाडा बदलला नाही, ती लिपी मूल कसे शिकते, याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या दोन-तीन दशकांतलाच आहे, हेही नमूद करावे लागते.

पद्धतींचा वाद आणि त्याची आयात

अध्यापक विद्यालयाच्या मार्गदर्शक पुस्तकांत अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती, गोष्टपद्धती अशी यादी आणि प्रत्येकीचे गुणदोष दिलेले असतात. भावी शिक्षक ती पाठ करतात. या यादीमागे अमेरिकेतील एक दीर्घ वाद आहे. सुट्या अक्षर-ध्वनींपासून आरंभ करावा, असे मानणारा पक्ष आणि अर्थपूर्ण मजकुरापासून आरंभ करावा, असे मानणारा पक्ष यांच्यातील या वादाची झडती जीन चॉल यांनी १९६७ मध्ये घेतली. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन हा भाषिक तर्काचा खेळ आहे अशी मांडणी केली. पुढे २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने ध्वनिजाणीव, अक्षर-ध्वनिसंबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन अशी पाच अंगे सांगितली, आणि ती पंचसूत्री आपल्याकडील प्रशिक्षणांतही आली.

हा वाद इंग्रजीच्या स्पेलिंगमधून जन्मला आहे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. मराठीत 'क'चे नावच त्याचा आवाज आहे. म्हणून 'फोनिक्स' हा शब्द मराठीच्या वर्गात आणल्याने नवे असे फारसे हाती लागत नाही. आपली खरी अडचण निराळी आहे. 'म ला काना मा, म ला काना मा, मामा' अशी फोड करत वाचणाऱ्या मुलाचे लक्ष चिन्हांच्या नावांतच खर्ची पडते. शब्दाच्या अखेरीस पोचेपर्यंत आरंभ विसरला जातो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार ही नावे लेखन दुरुस्त करण्यास उपयोगी आहेत. वाचनाची पायरी म्हणून ती घोकवून घेतल्यास अडथळा होतात.

दुसरी अडचण क्रमाची. आधी मुळाक्षरे, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरे असा क्रम तर्कशुद्ध दिसतो. परंतु काना-मात्रा नसलेली मराठी फार थोडी आहे. त्या मर्यादेत वाक्य करावयाचे तर 'रमण, परत वळ' असे काहीतरी करावे लागते. अशी भाषा कोणी कोणाशी बोलत नाही. पश्चिम पट्ट्यातील मुलाच्या जगातील शब्द पाहा : आई, भात, नाचणी, हिरडा, डोंगर, शेकरू. यांतील 'आई' सोडल्यास एकही शब्द त्या क्रमात आरंभी येऊ शकत नाही. उलट तक्त्यावर 'ऐरण' असते, जी आज बहुतेक मुलांनी पाहिलेलीही नसते. ण आणि ळ यांनी शब्दच सुरू होत नाहीत, म्हणून 'बाणातला ण', 'बाळातला ळ' असा तक्त्याला आपला नियम मोडावा लागतो. आणि तो मोडलेला नियम मुलांना अजिबात जड जात नाही. अक्षर शब्दातून ओळखता येते, याचा तो तक्त्यानेच दिलेला पुरावा म्हणावा लागेल.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा त्यांनी 'कुरणशाळा' हा शब्द घडवला. गुरे चारणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणात गेली आणि तिला तेथले नाव मिळाले. परिभाषा परिस्थितीतून कशी उगवते याचे हे उत्तम उदाहरण. याच्या उलट उदाहरण 'ज्ञानरचनावाद' या शब्दाचे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातील प्रयोगानंतर हा शब्द राज्यभर गेला, पण वाटेत अनेक ठिकाणी त्याचा अर्थ वर्गाची फरशी रंगवणे एवढाच उरला. दोष मूळ प्रयोगाचा नव्हे. शब्द उचलला गेला, त्यामागचा विचार मागे राहिला.

ओघ आणि मिनिटाला शब्द

केंद्र शासनाच्या जुलै २०२१ मधील 'निपुण भारत' कार्यक्रमाने तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थ समजून वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले. ओघवते वाचन महत्त्वाचे आहे यात शंका नाही. अडखळणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे जाऊ शकत नाही. पण 'शब्द' हे माप सर्व भाषांत सारखे नसते. 'डोंगरापलीकडच्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे. हाच आशय इंग्रजीत पाच-सहा शब्द घेईल. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याची मराठीची रीत असल्यामुळे साठ इंग्रजी शब्द आणि साठ मराठी शब्द हे समान श्रम नव्हेत. २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषानिहाय स्वतंत्र मापदंड ठरवण्यात आले, ही दुरुस्ती स्वागतार्ह होय. शाळेपर्यंत पोचताना मात्र एकच गोल आकडा पोचतो, आणि शिक्षक मोबाइलमधील घड्याळ लावून मुलासमोर बसतो.

'असर' अहवालांविषयीही येथेच बोलणे इष्ट. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या या पाहणीने वाचनाचा प्रश्न घराघरात आणि विधिमंडळात नेला, हे तिचे मोठे काम आहे. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील २७.१ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्के होते. आकडे अस्वस्थ करणारे आहेत. तथापि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही त्या चाचणीची शिडी केवळ मोजपट्टी आहे. मोजण्याच्या पायऱ्या म्हणजेच शिकण्याच्या पायऱ्या, असा समज शिक्षकांत रूढ झाला आणि 'हा मुलगा अजून अक्षरावर आहे' असे म्हटले जाऊ लागले. 'अक्षरावर' असलेल्या मुलाला मग गोष्टीचे पुस्तक दिले जात नाही. पाहणीचा हा हेतू निश्चितच नव्हता. वाचनाच्या मूळ पातळ्या ठरवताना आकलनाचा प्रश्न विचारला जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

बोली आणि 'चूक'

प्रस्तुत लेखकाला या साऱ्या चर्चेत सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी संज्ञा म्हणजे 'चूक'.

समजा, चौकटीत वाक्य दिले आहे : 'विहिरीत पाणी नाही.' एक मुलगी वाचते : 'इहिरीत पानी न्हाई.' दुसरा मुलगा बोट ठेवत वाचतो : 'वि-हि-री-त पा-णी ना-ही.' निरीक्षकाच्या तक्त्यात पहिलीच्या तीन चुका झाल्या, दुसऱ्याची एकही नाही. आता दोघांना विचारा : कशात काय नाही? पहिली तत्काळ सांगते, कदाचित उन्हाळ्यात टँकर केव्हा येतो हेही सांगते. दुसरा पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवतो. वाचन कोणी केले?

पहिल्या मुलीने छापील 'पाणी' पाहिले, त्याचा अर्थ ओळखला, आणि तो आपल्या घरच्या भाषेत उच्चारला. ण चा न होणे, इ-ए पूर्वीचा व लोपणे, ही ग्रामीण मराठीची नियमबद्ध लक्षणे आहेत. वेळ-येळ, विळा-इळा अशी कितीतरी उदाहरणे देता येतील. अर्थ लागला नसता तर तिच्या तोंडून 'पानी' निघालेच नसते. तिने अक्षरे उच्चारली असती. म्हणजे जिला चूक म्हटले गेले तोच आकलनाचा पुरावा आहे. गुडमन यांनी वाचकाच्या अशा विचलनांना चूक न म्हणता त्यांचे विश्लेषण करावे असे सुचवले होते. त्यांच्या तर्काच्या खेळाच्या सिद्धान्ताला पुढील संशोधनाने मोठे धक्के दिले, आणि कुशल वाचक अंदाजावर नव्हे तर अक्षरांवर विसंबतो हे दाखवले. तरीही विचलनाकडे पाहण्याची त्यांची ही दृष्टी बोलीभाषक मुलांच्या संदर्भात टाकून देण्यासारखी नाही. दोन गोष्टी एकाच पंक्तीला बसल्या म्हणून एक वाईट ठरल्यास दुसरीलाही उठवावे, असे नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो : मुलांना प्रमाण मराठी शिकवायची नाही काय? अवश्य शिकवायची. परंतु प्रमाण उच्चार शिकवणे आणि वाचन शिकवणे ही दोन कामे आहेत, आणि पहिलीतील मुलाला वाक्याच्या मध्यावर थांबवून 'पानी नाही, पाणी म्हण' असे सांगितले की दोन्ही कामे एकदम बिघडतात. वाचनाचा धागा तुटतो, आणि घरची भाषा ही शाळेत उच्चारण्याजोगी नाही एवढाच धडा पक्का होतो. पश्चिम भागातील मुले वर्गात 'बोलत नाहीत' अशी तक्रार आपण पुष्कळदा ऐकतो. ती घरी, रानात, एसटीत भरपूर बोलतात.

घरात पुस्तके नसलेल्या मुलाला 'वाचनपूर्व तयारी नसलेला' असे म्हणण्याची रीतही तपासून पाहिली पाहिजे. मेरी क्ले यांनी १९६६ पासून न्यूझीलंडमध्ये मांडलेली अंकुरत्या साक्षरतेची कल्पना अशी की, औपचारिक शिक्षणाआधीच मूल लिखिताशी खेळू लागते. एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फलक, खताची गोणी, लग्नपत्रिका, हरिपाठाची पुस्तिका. एवढे छापील जग आदिवासी वाडीतही असते. आणि न छापलेले त्याहून मोठे असते : भजन, ओव्या, आणि ज्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात त्या परिसरातील वग आणि बतावणी. गोष्ट लांबवर कानाने धरून ठेवण्याची ही सवय आकलनाचा पाया आहे. चाचणीत तिला रकाना नाही, एवढेच.

आकलन : गुणाकाराचे गणित

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : वाचन म्हणजे लिपीची उकल गुणिले भाषेचे आकलन. मराठीत या पहिल्या घटकाला कोणी 'विसंकेतन' म्हणतात. 'उकल' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण गाठ उकलताना ती कशाची आहे हे कळत जाते. सूत्रातील मर्म 'गुणिले' या चिन्हात आहे. बेरीज असती तर एक घटक शून्य असूनही काही शिल्लक राहिले असते. गुणाकारात कोणताही एक शून्य झाला की सारेच शून्य.

आपल्याकडे या सूत्राचे वाचन बेरजेसारखे केले जाते. किंवा खरे म्हणजे हप्त्यांसारखे. आधी उकल, नंतर आकलन. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडा येथे मराठी आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातील वेळ मुख्यतः लिपीवर जातो, अर्थाच्या चर्चेला अल्प वाव मिळतो, आणि एवढे करूनही तिसरीअखेर पुष्कळ मुलांना साधा मजकूर वाचता येत नाही, असे त्यातून समोर आले. वाडा आणि आपला पश्चिम पट्टा यांत सह्याद्रीची एक रांग आहे. शाळांच्या परिस्थितीतील अंतर त्याहून फार नसावे.

आकलन तपासण्याची आपली रूढ पद्धत 'खालील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा' ही. तिचे स्वरूप कळावे म्हणून पुढील निरर्थक वाक्य पाहावे : 'गमल्याने झिपटी दुकटीत ठेवली.' प्रश्न : गमल्याने झिपटी कोठे ठेवली? उत्तर : दुकटीत. पूर्ण गुण. गमल्या कोण, झिपटी म्हणजे काय, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक नाही आणि विचारणाऱ्यालाही नाही. विभक्तिप्रत्ययांच्या आधारे वाक्यातून तुकडा उचलून प्रश्नाला जोडण्याचे हे कौशल्य आपले विद्यार्थी दुसरीपासून दहावीपर्यंत घोटत आणतात आणि पदवीच्या परीक्षेतही वापरतात. त्यासाठी बाजारात गाइडे मिळतात, आणि ती खपतात. 'कोठे ठेवली' ऐवजी 'तेथे का ठेवली असेल?' असे विचारले असता उत्तर पुस्तकात सापडत नाही. मुलाला मजकूर आणि आपला अनुभव एकत्र आणावा लागतो. दुसरीतील मूलही हे करू शकते, मात्र पहिले उत्तर बोलीत येईल आणि ते फळ्यावर लिहिण्याजोगे नसेल, हे शिक्षकाने मान्य केलेले असले पाहिजे.

महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि अध्यापक प्रशिक्षणाचे सराव पाठ यांच्या निमित्ताने आपले विद्यार्थी या शाळांत जातच असतात. त्यांच्या हाती आज जो निरीक्षणतक्ता दिला जातो त्यात 'बरोबर' आणि 'चूक' असे दोन रकाने असतात. त्याऐवजी मुलाने प्रत्यक्ष जे उच्चारले ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्यापुढे ते उच्चारण घरच्या बोलीचे आहे, लिपीच्या अडचणीचे आहे की अर्थ न लागल्याचे आहे, हे नोंदवावे. आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून मुलाने आपल्या शब्दांत काय सांगितले तेही लिहावे. 'पानी' हा शब्द पहिल्या रकान्यात पडला की तिसरा रकाना भरल्याशिवाय त्यावर लाल खूण करता येणार नाही.